९११ पुढून एका बाजूला पुन्हा पुन्हा बसते? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. जुनी पोर्शे ९११, पुढची डावी किंवा उजवी बाजू बोटभर खाली. गाडीखाली शिरून उंची जुळवायचा स्क्रू फिरवला, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, फेरी मारून आलो आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. असं दोन-तीनदा झालं की टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई) "मऊ पडला" असा निकाल लागतो आणि नवे बार मागवले जातात. ते टाकूनही गाडी तशीच.

बार सहसा मऊ पडत नाही. तो गंजतो आणि एके दिवशी तुटतो. तुटला की समजवावं लागत नाही, तो कोपरा थेट रबरी ठोकळ्यावर येऊन बसतो. बोटभर खाली बसणारी गाडी हा वेगळा आजार आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ त्या कोपऱ्यात नसतंच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार चालू असतो.

हे लिखाण कुठल्या गाड्यांना लागू आहे ते आधी सांगतो. १९६४ पासून १९८९ पर्यंतच्या ९११ आणि त्याच घराण्यातल्या ९१२ आणि ९३०. ९१४ ची पुढची बाजूही ९११ वरूनच घेतलेली आहे, त्यामुळे तिलाही बराचसा भाग चालेल. १९८९ मध्ये आलेल्या ९६४ ला कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे यातलं मोजमाप आणि स्क्रू दोन्ही गैरलागू. ९२४ आणि ९४४ ला पुढे कॉइल स्प्रिंगच असतात. आणि एक अपवाद लक्षात ठेवा: १९६९ ते १९७१ च्या ९११ ई ला पुढे बोगे कंपनीचे हायड्रोन्यूमॅटिक स्ट्रट (तेल आणि दाबाखालचा वायू भरलेले, चाकाला धरणारे उभे खांब) होते, जे स्वतःच उंची राखतात. त्या गाडीला पुढे टॉर्शन बार नाही, म्हणून तो स्क्रूही नाही. पुष्कळ गाड्यांचे ते स्ट्रट नंतर काढून साधे बार बसवले गेले आहेत, तेव्हा कागदपत्रांवर विसंबू नका, खाली वाकून बघा.

स्क्रू नेमकं काय करतो

फर्डिनांड पोर्शे यांनी टॉर्शन बारच्या सस्पेन्शनचं पेटंट १९३१ मध्ये घेतलं, आणि ९११ ने ती कल्पना जवळजवळ साठ वर्षांनंतरपर्यंत ओढली. आपल्याकडे ही गोष्ट परकी नाही. अ‍ॅम्बॅसॅडरच्या पुढच्या चाकांनाही टॉर्शन बारच असायचे, आणि एका बाजूला कललेली सरकारी अ‍ॅम्बॅसॅडर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आजार तोंडओळखीचा असेल.

९११ मध्ये पुढचा बार गाडीच्या लांबीच्या दिशेने, चाक धरून वरखाली हलणाऱ्या खालच्या आर्मच्या नळीतूनच जातो. जाडी साधारण १९ मिमी, म्हणजे अंगठ्याएवढी. त्याचं पुढचं टोक खाचांमध्ये आर्मला अडकलेलं असतं. मागचं टोक क्रॉस मेंबरमध्ये (गाडीखालच्या आडव्या तुळईत) एका छोट्या लिव्हरला अडकतं, आणि त्या लिव्हरच्या टोकाला आपला स्क्रू टेकतो. स्क्रू आवळला की लिव्हर ढकलला जातो, बार थोडा फिरतो, आर्म चाकाला खाली दाबतो आणि गाडी वर येते. सैल केला की उलट.

इथे एक गैरसमज हमखास असतो की स्क्रू आवळल्याने स्प्रिंग कडक होते. होत नाही. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, आणि त्या दोन्ही गोष्टी स्क्रूने बदलत नाहीत. स्क्रू फक्त पिळाची सुरुवात कुठून व्हायची ते ठरवतो. गाडी प्रत्यक्षात किती उंचीवर थांबणार हे त्या कोपऱ्यावर किती वजन येतं, आर्म ज्यात फिरतो त्या बुशमध्ये किती घर्षण आहे आणि बाकीचे तीन कोपरे काय करत आहेत, यावर अवलंबून राहतं. तक्रार परत परत येते ती या तीन गोष्टींमुळे. स्क्रू बिचारा जिथे ठेवला तिथेच असतो.

आधी मोजणं नीट करा

अर्ध्याहून अधिक तक्रारी मोजण्यातच विरघळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट फरशी. गॅरेजची जमीन डोळ्यांना सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. चारही चाकं जिथे टेकतात त्या चार जागा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. पारदर्शक नळी, त्यात पाणी, आत हवेचा बुडबुडा नको, एवढंच. जिथे कमी भरेल तिथे प्लायवूडचे किंवा फरशीचे तुकडे ठेवून जागा सारख्या करा आणि खडूने खुणा करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी त्याच जागी उभी राहील. लेझर लेव्हल असेल तर काम लवकर होईल, पण नळीच्या अचूकपणाला तोड नाही.

दुसरी गोष्ट गाडीतलं वजन. ९११ ची पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली असते, नंतरच्या गाड्यांत ८० लिटरच्या आसपास, सुरुवातीच्या गाड्यांत त्याहून लहान. मोठी टाकी भरलेली आणि रिकामी यात साठेक किलोंचा फरक, तोही जवळजवळ पुढच्या एक्सलवरच. गेल्या वेळी टाकी भरलेली असताना लावलेली उंची आज पाव टाकीवर मोजलीत तर गाडी "वर आली" असं वाटणारच. कारखान्याचे आकडे पूर्ण टाकी, स्टेपनी आणि हत्यारांची पिशवी जागेवर, आत कोणी नाही, अशा अवस्थेचे आहेत. तसंच मोजा. टायरमधली हवाही बघा; १६ इंची चाकांच्या ३.२ लिटरच्या ९११ कॅरेराला पुढे २.० आणि मागे २.५ बार. पुढच्या दोन टायरची झीज वेगवेगळी असेल, किंवा एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना टायर असेल, तर तिथेच काही मिलिमीटर जातात.

तिसरी गोष्ट, आणि यावर मी हट्टी आहे: मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजू नका. हौशी मंडळींमध्ये "पुढे साडेपंचवीस इंच, मागे पंचवीस" हा आकडा फार चालतो, आणि फोटोतली गाडी सुंदर दिसायला तो पुरेसा आहे. पण चाळीस वर्षांच्या गाडीचं एखादं पुढचं मडगार्ड कधीतरी बदललेलं असतं. ते बोल्टने लागतं, बसवताना थोडं वरखाली होतं, त्यावर पुट्टी आणि रंगाचे थर येतात. दोन्ही कडा सारख्या आल्या म्हणून गाडी सरळ उभी आहे असं सिद्ध होत नाही. उलट वाकडं मडगार्ड सरळ दिसावं म्हणून गाडी वाकडी केली जाते.

कारखान्याची रीत साधी आहे. चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची घ्या. मग टॉर्शन बारच्या मध्याची उंची घ्या; आर्मच्या पुढच्या टोकाला बारवर टोपण असतं, त्याचा मधला बिंदू धरायचा. पहिल्यातून दुसरी वजा करायची. उत्तर १०८ मिमी यायला हवं, पाच मिमी इकडेतिकडे चालतं, आणि डाव्या-उजव्यातला फरक पाचच्या आत हवा. समजा चाकाचा मध्य ३०१ वर आहे आणि बारचा १९३ वर, तर बरोबर १०८. यात टायरची उंची आपोआप वजा होते, म्हणून ही रीत कोणत्याही टायरला चालते. आकडा उलटा वाचायचा असतो हे ध्यानात असू द्या: गाडी खाली बसली की बार खाली जातो आणि फरक वाढतो. १२० म्हणजे खाली, ९८ म्हणजे वर. घाईत हे उलटं धरून नको त्या बाजूचा स्क्रू आवळला जातो.

अमेरिकेत विकलेल्या गाड्या मुळातच जास्त उंच उभ्या केल्या जायच्या, कारण १९७३ पासून तिथे बंपरच्या उंचीचे आणि टकरीचे नियम कडक झाले. तिथून युरोपात परत आणलेली गाडी चारही कोपऱ्यांत सारखी उंच दिसली तर तो बिघाड नव्हे.

बसू द्या, मग मोजा

जॅकवरून उतरवलेली गाडी खरी उंची दाखवत नाही. चाकं हवेत लटकतात तेव्हा आत ओढली जातात, आणि जमिनीला टेकल्यावर टायरची पकड त्यांना परत बाहेर सरकू देत नाही. गाडी फुगल्यासारखी उंच राहते. मग तुम्ही स्क्रू सैल करता, दुसऱ्या दिवशी चार वळणं घेतल्यावर टायर आपल्या जागी येतात आणि गाडी लावली होती त्याहून खाली दिसते. "पुन्हा बसली" म्हणतात ती बऱ्याचदा एवढीच असते.

उपाय म्हणजे प्रत्येक बदलानंतर गाडी आठ-दहा मीटर पुढे-मागे ढकलायची, स्टिअरिंग थोडं दोन्हीकडे फिरवायचं, पुढचा बंपर चार-पाचदा दाबून सोडायचा आणि मगच पट्टी लावायची. ढकलायला जागा नसेल तर पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे ठेवा, मध्ये ग्रीस चोपडून. चाक त्यावर आपोआप सरकून बसतं.

आता या सगळ्या लिखाणातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी चाचणी. पुढचा बंपर दोन्ही हातांनी चांगला खाली दाबा आणि अगदी हळू सोडा. झटका देऊ नका. दोन्ही बाजू मोजून लिहा. मग पुढची बाजू हाताने वर उचला, तशीच हळू सोडा, परत मोजा. निरोगी गाडीत या दोन मापांमध्ये थोडासाच फरक असतो. दोहोंत सात-आठ मिमी किंवा त्याहून जास्त तफावत येत असेल तर तुमच्या गाडीला "एक" उंची नाहीच. ती त्या पट्ट्यात कुठेही थांबेल, शेवटचा खड्डा कसा लागला त्यावर. अशा गाडीचा स्क्रू फिरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी घर्षण शोधा. आणि फरक एकाच बाजूला जास्त असेल तर शोधायची जागाही आपोआप कळली.

घर्षण कुठे असतं

पहिला संशय आर्मच्या बुशवर. कारखान्याचं रबर पिळलं जाऊन काम करतं, घासून नव्हे. चाळीस वर्षांत ते एका बाजूला दबतं, आर्मची नळी मध्यातून सरकते आणि शेवटी धातू धातूला टेकतो. टॉर्च घेऊन पुढच्या टोकाशी बघा: नळीभोवतीची फट सगळीकडून सारखी आहे का? एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीशी झाली असेल तर बुश गेलं.

दुसरा संशय, तेच बुश बदलून टाकलेल्या पॉलियुरेथेनच्या बुशवर. ही जागा रेसिंगच्या मोहाने बिघडवली जाते. पॉलियुरेथेन पिळत नाही, ते घासत फिरतं. त्याला नेमकं माप आणि ग्रीस दोन्ही लागतं. घट्ट बसवलेलं असेल तर आर्म जिथे ढकलाल तिथे थांबतो आणि कुरकुरतो. रस्त्यावरच्या गाडीला मी रबरच पसंत करतो. नवं रबर लावलंत तर शेवटचं आवळणं गाडी आपल्या उंचीवर उभी असताना करा. चाकं लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडीला वर ढकलत राहतं, आणि हळूहळू हार मानतं. तेव्हा गाडी परत "बसते". नव्या बुशनंतर महिनाभरात उंची बदलली, या तक्रारीचं हेच उत्तर असतं.

शॉकअपही बघा. दांडा वाकलेला असेल तर तो अडकतो. गॅसचा दाब असलेले शॉकअप गाडीला काही मिलिमीटर वर ढकलतात, साधे तेलाचे ढकलत नाहीत. एका बाजूचा गॅस गेला असेल किंवा दोन बाजूंना दोन जातीचे लावले असतील तर फरक दिसणारच. आणि फार खाली उतरवलेल्या गाडीत स्ट्रट आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकतो. मग स्क्रू कितीही सैल करा, ती बाजू खाली जातच नाही, आणि माणूस दुसऱ्या बाजूचा दोष शोधत बसतो.

अँटी-रोल बारचं (दोन्ही बाजूंना जोडून वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या सळईचं) एक टोक सोडून परत मोजायला दोन मिनिटं लागतात. टोक सोडताच उंची बदलली तर तो बार पिळलेल्या अवस्थेत जोडला होता आणि एका बाजूला धरून ठेवत होता. बाजारातले लांबी जुळवता येणारे दुवे लावलेल्या गाड्यांत हे हटकून सापडतं.

दोष मागे तर नाही?

घर्षण नाही, मोजमाप चोख, तरी एक बाजू खाली. आता खरा प्रश्न विचारायचा: पुढचा डावा कोपरा स्वतःहून खाली आहे की कुणी दाबून ठेवला आहे?

गाडीचा सांगाडा ताठ आहे आणि तो चार स्प्रिंगांवर उभा आहे. डगमगणाऱ्या चौरंगासारखं हे प्रकरण असतं. एका पायाखाली घडी घातली की समोरच्या तिरक्या पायावरही भार वाढतो. मागची उजवी स्प्रिंग प्रमाणाबाहेर चढवलेली असेल तर तो कोपरा वर उठतो आणि तिरक्या रेषेत पुढच्या डाव्याला खाली दाबतो. दिसतं काय, तर पुढची डावी बाजू खाली. आपण पुढचा डावा स्क्रू आवळतो. बाजू वर येते, डोळ्यांना समाधान मिळतं, पण त्या तिरक्या जोडीवरचा भार आणखी वाढतो आणि पुढचं उजवं चाक हलकं पडतं. या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की ते हलकं चाक आधी अडकतं. डाव्या वळणाला गाडी एक वागते, उजव्या वळणाला दुसरी.

ओळखीतल्या एका १९८४ च्या कॅरेरात हेच झालं होतं. पुढची डावी बाजू सतत खाली, स्क्रू आवळून आवळून शेवटाला आलेला. उजवा स्क्रू मात्र अर्धा बाहेर. दोन स्क्रूंची डोकी एकाच उंचीवर नाहीत, एवढ्यावरूनच संशय यायला हवा. मागच्या बाजूचं काम आधी एका वर्कशॉपमध्ये झालं होतं आणि उजवा मागचा बार एक खाच चुकून बसवला गेला होता. मागचा उजवा कोपरा सोडवून उतरवला, आणि पुढची बाजू स्क्रूला हात न लावता बऱ्याच अंशी सरळ झाली. मग पुढचे दोन्ही स्क्रू परत सारख्या जागी आणले.

वजनकाटे नसतील तरी हे तपासता येतं. मागची बाजू मधोमध एकाच बिंदूवर उचला, मागची चाकं जेमतेम जमिनीला शिवतील इतपतच. ९११ ला हे इंजिनाच्या केसिंगखाली लाकडी ठोकळा ठेवून करतात; तळाला झाकणाची पातळ प्लेट असेल तर जॅक तिच्यावर मुळीच टेकवू नका. जॅक गाडीच्या मध्यरेषेवर हवा, नाहीतर चाचणीच खोटी. आता मागच्या स्प्रिंगांना गाडी कलवता येत नाही, त्यामुळे पुढे जे दिसेल ते पुढचंच. पुढच्या बाजू सारख्या झाल्या तर दोष मागे. तशाच राहिल्या तर दोष पुढे. गाडी अशी असताना खाली शिरायचं नाही, बाहेरूनच मोजायचं.

चार काटे मिळाले तर आणखी बरं. समजा पुढे डावीकडे २३५ आणि उजवीकडे २२०, मागे डावीकडे ३५० आणि उजवीकडे ३७५ किलो आले. पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून ६१०, दुसरी जोडी ५७०. एकूण ११८० पैकी पहिल्या जोडीवर जवळजवळ ५२ टक्के. रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही जोड्या पन्नासाच्या आसपास असल्या की पुरे, पण आधी अँटी-रोल बार सोडायला विसरू नका. आणि चालवणारा एकटाच बसतो की शेजारी कोणी असतं, हे ठरवून त्याप्रमाणे सीटवर वजन ठेवायचं. सीटवर जेवढं माणूस बसतं तेवढ्याने हा आकडा हलतो.

मागची उंची बदलणं हे कष्टाचं काम. मागच्या बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ खाचा असतात. आत एक खाच पुढे म्हणजे ९ अंश, बाहेर एक खाच मागे म्हणजे सुमारे ८.२ अंश, दोन्ही मिळून एका पावलात पाऊण अंशाहून किंचित जास्त फरक. सत्तरीच्या उत्तरार्धापासूनच्या गाड्यांत स्प्रिंग प्लेट (मागच्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी पट्टी) दोन भागांची असते आणि तिच्यावरच बारीक जुळवणी होते, तिथे खाचांपर्यंत जायची वेळ क्वचित येते. क्रम मात्र ठरलेला: आधी मागचं, मग पुढचं. उलटं केलंत तर पुढचं परत करावं लागेल.

आता स्क्रू

इथपर्यंत आलात आणि दोष खरंच पुढेच आहे, तर काम सोपं आहे. गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाक लटकू द्या. भार असताना स्क्रू फिरवला तर आटे जातात, आणि क्रॉस मेंबरमधले आटे गेले की खर्च वाढतो. आधी स्क्रूभोवतीची माती ब्रशने काढा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग स्क्रू पूर्ण बाहेर काढा. त्याचं टोक बघा. लिव्हरला टेकणारं टोक चपटं होऊन एका बाजूला घासलेलं असेल तर तो बदला. आटे साफ करून, ग्रीस लावून परत घाला.

लिव्हर निघालाच असेल तर त्याच्याभोवतीची फोमची किंवा रबराची सील बघा. जुन्या गाडीत ती बोटात धरली की भुगा होते, आणि मागे तांबूस चिखल साचलेला असतो. हाच चिखल बारला खातो. बारच्या पृष्ठभागावर नखाला लागेल असा गंजाचा खड्डा असेल तर तो बार परत घालू नका. तडा तिथूनच जातो. चांगला असेल तर रंगाला ओरखडा न पाडता, ग्रीस लावून, ज्या बाजूचा त्याच बाजूला बसवा. टोकावर डावा-उजवा खूण असते. वापरलेला बार एका दिशेच्या पिळाला सरावलेला असतो, त्याची अदलाबदल करायची नसते.

स्क्रू शेवटाला लागलेला असेल तर लिव्हर चुकीच्या खाचेत आहे. लिव्हर काढा, आर्म पूर्ण खाली लटकू द्या, स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल ठेवा आणि लिव्हर अशा खाचेत घाला की त्याचं टोक स्क्रूपासून थोडंसंच लांब राहील. दोन्ही बाजूंना हे अंतर सारखं हवं.

मग पाव-पाव फेरीने पुढे जा. एका वेळी एकच बाजू, प्रत्येक वेळी गाडी उतरवून, ढकलून, दाबून, मोजून. कंटाळवाणं आहे. नवीन बार किंवा नवीन बुश असतील तर काहीशे किलोमीटर चालवून परत एकदा मोजा, ते थोडे बसतातच.

जिथे थांबायचं

वरचं सगळं ठीक असून उंची खरोखरच महिन्यागणिक उतरत असेल तर पेट्रोलच्या टाकीखालचा पत्रा बघा. आर्म ज्या जागी बॉडीला बोल्टने लागतो तिथला हा पत्रा, जुन्या गाड्यांत सडतो. १९७६ च्या मॉडेलपासून बॉडी गॅल्वनाइज्ड आली, त्याआधीच्या गाड्यांना हा धोका जास्त. पण अपघातानंतर जोडलेल्या नंतरच्या गाड्यांनाही आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला, रंगाखाली फुगे दिसले किंवा बोल्टभोवतीचा पत्रा आत दबलेला दिसला, तर गाडी चालवू नका. तो वेल्डरचा विषय आहे, स्क्रूचा नाही.

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो, म्हणून अलायनमेंट करावंच लागतं. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) सहा अंशांच्या आसपास, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) शून्याजवळ, हे कारखान्याचं माप. गाडी बरीच खाली घेतली असेल तर स्टिअरिंगचे आडवे रॉड बाहेरच्या टोकाला वर चढलेले दिसतील. मग खड्ड्यावर चाक उसळलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. स्टिअरिंग रॅकखाली पट्ट्या घालून रॉड परत आडवे करता येतात, पण रस्त्यावरच्या गाडीत १०८ च्या जवळपास राहिलात तर याची गरज पडत नाही. भारतातल्या गतिरोधकांवरून गाडी नेणार असाल तर त्या पाच मिमीची सवलत गाडी उंच ठेवण्यासाठी घ्या, म्हणजे आकडा १०३ कडे.

हेडलाइटचा झोत शेवटी लावा, टाकी भरलेली असतानाच. जर्मनीत दर दोन वर्षांच्या तपासणीला तो बघतातच, आणि उंची कारखान्याच्या मापाबाहेर नेली असेल तर त्याची कागदोपत्री नोंदही मागतात.